उघडी गाडी ताठ कशी होते: पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ च्या सांगाड्याचं गणित आणि काम

खड्ड्यावरून गेलं की आतला आरसा थरथरतो, स्टिअरिंगचा खांब हातात कंप पावतो आणि दाराच्या मागच्या कोपऱ्यातून करकर आवाज येतो. जुन्या उघड्या स्पोर्ट्स कारचा हा नेहमीचा आजार. त्यावर मालकाचं नेहमीचं औषधही ठरलेलं असतं: बॉनेटखाली बसवायचा एक चकचकीत ॲल्युमिनियमचा बार. बार दिसतो छान, पण आरसा थरथरायचा थांबत नाही. कारण गाडी तिथे वाकतच नव्हती.

कुठे वाकते आणि तिथे काय करायचं, हे एका ठरावीक गाडीवर समजून घेतलेलं बरं. त्यासाठी माझ्दा एमएक्स-५ ची पहिली पिढी घेऊ. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली. अमेरिकेत ती मिआटा झाली, जपानमध्ये युनोस रोडस्टर. १९९७ पर्यंत या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या. वजन एक टनाच्या आतबाहेर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २२६५ मिमी, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर एक आणि खाली एक असे दोन हात. सुटे भाग आजही मिळतात, आणि तिच्या सांगाड्याचे गुणदोष इतर बहुतेक जुन्या उघड्या गाड्यांनाही लागू पडतात.

पीळ आणि त्याचं माप

सांगाडा दोन प्रकारे हलतो. एक म्हणजे मध्ये खचतो, म्हणजे दोन्ही टोकं वर आणि पोट खाली. दुसरा पीळ: पुढचं डावं चाक वर गेलं की पुढचा भाग एका बाजूला फिरतो, मागचा तिथेच राहतो. गाडी वळणावर कशी वागते, हे बहुतांशी पिळावर ठरतं. त्याचं माप न्यूटन-मीटर प्रति अंश. सांगाड्याचं मागचं टोक घट्ट धरलं आणि पुढचं टोक एक अंश फिरवायला ५,००० न्यूटन-मीटर लागले, तर ताठपणा ५,०००. आजच्या बंद गाड्या २०,००० च्या वर सहज जातात. जुन्या उघड्या गाड्या काही हजारांत खेळतात. खालच्या हिशेबांसाठी ५,००० धरतो. तुमच्या गाडीचा आकडा मोजूनच कळेल, आणि मोजायचं कसं तेही पुढे येईल.

छप्पर गेल्याने एवढा फरक का पडतो? मिठाईचा रिकामा खोका झाकणासकट पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. पुठ्ठा तोच, पण दुसऱ्यांदा खोका हातात सहज फिरतो. गणितातही हेच निघतं, आणि आकडे बघून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. १०० मिमी बाजूची, १ मिमी पत्र्याची चौकोनी बंद नळी घ्या. पिळाला तिचा विरोध दाखवणारा आकडा येतो १०,००,००० मिमी⁴. आता तिच्या एका कोपऱ्यावर लांबीभर करवतीने एक चीर पाडा. धातू जवळपास सगळा तिथेच आहे, वजन तेवढंच आहे, पण आकडा उतरतो सुमारे १३३ वर. म्हणजे साडेसात हजारावा हिस्सा.

खऱ्या गाडीत चीर इतकी सरळ नसते, तिची दोन्ही टोकं कुठेतरी बांधलेली असतात, त्यामुळे घसरण एवढी भयंकर होत नाही. तरी दिशा तीच. आणि यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली: पेटी बंद असली पाहिजे, टोकापासून टोकापर्यंत. दुसरी: पत्रा दुप्पट जाड केला तर पेटी दुप्पट ताठ होते, पण पेटीची बाजू दुप्पट केली तर आठपट. म्हणून जुन्या पेटीवर जाड पट्टी चिकटवण्यापेक्षा उघडी जागा बंद करून मोठी पेटी तयार करणं नेहमी फायद्याचं ठरतं.

एमएक्स-५ मध्ये पिळाला तोंड देणाऱ्या पेट्या मोजक्या आहेत. दोन्ही दारांखालची सिल, मधला बोगदा, डॅशबोर्डखालचा आडवा भाग आणि सीटमागची भिंत. सिल म्हणजे तीन पत्र्यांची बंद पेटी, तीच मुख्य. बोगदा मात्र खालून उघडा आहे, उलट्या यू आकाराचा. त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीखाली टोपीच्या आकाराच्या दोन रेल्स पुढून मागे जातात. त्यांचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास.

गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीपर्यंत) जाणारा लांब ॲल्युमिनियमचा भाग बघून अनेकांना वाटतं की सांगाड्याचा कणा तोच. तसं नाही. त्याचं नाव पॉवर प्लांट फ्रेम. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका ओळीत धरून ठेवणं आणि क्लच सोडताना होणारी उसळी थांबवणं, हे त्याचं काम. ती जोडणी रबर माउंटवर बसलेली आहे, म्हणून बॉडीच्या पिळाशी तिचा संबंध नगण्य.

स्प्रिंग आणि सांगाडा एकाच साखळीत

गाडी वळणावर झुकते तेव्हा पुढचे स्प्रिंग, सांगाडा आणि मागचे स्प्रिंग ही एकामागोमाग जोडलेली साखळी असते. समजा पुढच्या सस्पेन्शनचा झुकण्याला विरोध ५०० न्यूटन-मीटर प्रति अंश, मागचाही ५००, आणि सांगाडा ५,०००. पुढचं टोक मागच्याच्या विरुद्ध फिरवलं तर तिघांचा मिळून विरोध येतो २३८. सांगाडा अगदी पोलादी ठोकळा असता तरी २५० आला असता. तोटा पाच टक्के. रस्त्यावर जाणवणारही नाही.

आता मालकाने ट्रॅकसाठी कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार (डावी-उजवी चाकं जोडून गाडीचं झुकणं कमी करणारे दांडे) घातले. दोन्ही बाजू १,५०० झाल्या. ठोकळ्याबरोबर ७५० यायला हवेत, पण ५,००० च्या सांगाड्याबरोबर येतात ६५२. तोटा १३ टक्के. पुढचा बार एक भोक पुढे-मागे सरकवून गाडीचा स्वभाव बदलायचा प्रयत्न करा. त्यातला काही भाग सांगाडाच गिळून टाकतो. शिवाय हा गिळलेला भाग कोणत्याही डॅम्परच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) ताब्यात नसतो, तो थरथर होऊन परत येतो.

म्हणून मूळ मऊ स्प्रिंगवर चालणाऱ्या गाडीला सांगाडा ताठ करण्याची खरी गरज कमी असते. थरथर कमी व्हावी, दारं नीट लागावीत, एवढ्यासाठी केलं तर ठीक. कडक स्प्रिंग घालायचे असतील तर आधी सांगाडा, मग स्प्रिंग. बाजारात बरोबर उलटा क्रम चालतो.

आधी गंज, मग बाकी सगळं

तीस वर्षांच्या गाडीचा हरवलेला ताठपणा बहुतेक वेळा सिलच्या मागच्या टोकात असतो. कापडी छपराच्या मागच्या कडेला पावसाचं पाणी गोळा करणारी पन्हळ आहे. तिथून दोन नळ्या सीटबेल्टच्या खांबांमागून खाली उतरतात आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतात. त्यांत पानं आणि माती अडकली की पाणी तुंबतं आणि सिलच्या पेटीत शिरतं. बाहेरून रंगाला एक फोड दिसतो, तोपर्यंत आतला पत्रा चाळणी झालेला असतो. पेटीला चीर पडली की काय होतं, ते वर आलंच आहे.

तपासायला पाच मिनिटं लागतात. एका बाजूच्या सिलच्या पुढच्या जॅकच्या खाचेखाली जॅक लावा आणि हळूहळू उचला. दार बंद असू द्या. दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातली फट आधी आणि नंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. थोडा फरक पडतोच, ही उघडी गाडी आहे. पण फट डोळ्यांना मिटताना दिसली, किंवा उचललेल्या अवस्थेत दार उघडताना अडकलं, तर एकही बार विकत घेऊ नका. मागच्या चाकाच्या पुढची जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. निकोप पत्रा टणक वाजतो, सडलेला भद्द.

सिल कापून नवीन पत्रा घालायचं काम ज्यांच्या हातून बिघडतं, त्यांचं बहुतेक एकाच कारणाने बिघडतं: कापल्यावर गाडी खचते आणि खचलेल्या अवस्थेतच वेल्ड होते. ते टाळण्यासाठी:

- दार काढा. बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप तात्पुरता टाका, शक्यतो वर एक आणि तिरका एक. त्याआधी दारासकट तिन्ही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा.
- गाडीचं वजन चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागांवर सारखं टेकलेलं असू द्या, मधोमध स्टँडवर नको.
- एका वेळी एकच बाजू. पहिली पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.
- मध्ये दडलेला तिसरा पत्रा विसरू नका. फक्त बाहेरचा पत्रा बदलून वर पुट्टी मारलेली गाडी दिसते नवी आणि पिळते जुन्यासारखीच. वापरलेली गाडी घेताना नेमकं इथेच फसायला होतं.
- १ ते १.२ मिमीचा पत्रा, ०.६ मिमीची मिग तार. सलग न ओढता २० मिमीचे तुकडे, तेही लांब लांब उड्या मारत. एका जागी उष्णता साठली की पत्रा वेडावाकडा होतो.
- पोकळीत घालायचं मेण सगळ्यात शेवटी. ते पेट घेतं; आधी घालून मग वेल्ड करणं म्हणजे सिलच्या आत आग.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडा (या गाडीत ती डिकीत आहे), एअरबॅग असल्यास त्याच्या सूचनेइतका वेळ थांबा, इंजिनचा कॉम्प्युटर काढून ठेवा. पेट्रोलची टाकी सीटमागच्या भिंतीला लागूनच आहे. त्या भिंतीजवळ ठिणगी जाणार असेल तर टाकी उतरवायची, ओला कपडा झाकून भागत नाही.

दुसऱ्या पिढीत, १९९८ पासूनच्या गाड्यांत, पुढच्या चॅसी लेग (इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या सांगाड्याच्या पेट्या) आतून सडतात, अँटी-रोल बारच्या पकडीच्या आसपास. तिथे दुहेरी पत्रा आहे आणि ओल मध्ये अडकते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हे एमओटीला (तिथल्या वार्षिक वाहन तपासणीला) कळतं: सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बांधलेला आहे त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत भार उचलणारा पत्रा सडून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास.

गंज नसेल तरी बार मागवण्याआधी एक गोष्ट करा. सस्पेन्शनचे रबर बुश, बॉल जॉइंट, डॅम्परच्या वरची रबरं आणि सबफ्रेमचे (सस्पेन्शन धरणाऱ्या, बॉडीला खालून लावलेल्या चौकटीचे) बोल्ट तपासा. तीस वर्षांत कडक होऊन तडकलेला बुश आणि पिळणारा सांगाडा, दोन्ही ड्रायव्हरला सारखेच जाणवतात. बुशचा सेट स्वस्त पडतो आणि निम्मी थरथर त्यातच जाते.

जमिनीखालच्या रेल्स आणि तिरक्या नळ्या

या गाडीसाठी पैशाला सगळ्यात जास्त मोबदला देणारं काम हेच. मूळ रेल्स पातळ, त्यात वर्षानुवर्षं गॅरेजवाल्यांनी चुकीच्या जागी जॅक लावून त्या चेपलेल्या. खरं तर जॅक लावायच्या जागा ठरलेल्या आहेत: मध्यभागी पुढच्या सबफ्रेमचा आडवा भाग, मागे डिफरन्शियल, आणि स्टँड सिलखालच्या मजबूत केलेल्या खाचांवर. रेल्सवर कधीच नाही. चेपलेली रेल म्हणजे उंची गेलेली पेटी, आणि उंची गेली की ताठपणा कितीतरी पटीने जातो.

उपाय म्हणजे जुन्या रेलवर बाहेरून बसणारी २ मिमी पत्र्याची यू आकाराची नवी रेल. लांबी सुमारे १.२ मीटर धरली आणि उलगडलेली रुंदी २०० मिमी, तर एका रेलचं वजन पावणेचार किलोच्या आसपास, जोडीचं साडेसात. तयार मिळते; चांगला फॅब्रिकेटर मापावर वाकवूनही देतो.

बसवताना गाडी चार स्टँडवर सपाट घ्या आणि चारही स्टँडवर भार सारखा आहे ना ते बघा. इथे घाई केली तर पिळलेल्या अवस्थेतच गाडी बोल्टने कायमची आवळली जाते. सीट आणि गालिचा काढा. खालचं डांबरी कोटिंग खरवडा, चेपलेली जुनी रेल जमेल तेवढी ठोकून सरळ करा, नाहीतर नवी रेल टेकतच नाही. भोकांच्या खुणा केल्यावर, ड्रिल चालवण्याआधी, वर काय आहे ते हाताने चाचपा. गालिच्याखालून वायरिंग जातं आणि बोगद्याच्या कडेने ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या. आठ मिलिमीटरचा ड्रिल ब्रेकच्या नळीत गेला तर दिवस तिथेच संपतो.

बोल्ट एम-८, ग्रेड ८.८. आत गाडीच्या जमिनीवर प्रत्येक बोल्टखाली किमान ३० मिमीचा जाड वॉशर, किंवा दोन-तीन बोल्टना मिळून एक पट्टी. भोकाच्या कडांना झिंक प्रायमर, मग सीलर, मग बोल्ट. २० ते २५ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नका, पत्रा दबतो. आणि एखादा बोल्ट पोकळ पेटीच्या आरपार जात असेल तर आत पेटीच्या उंचीइतकी नळी घालायलाच हवी. ती नसेल तर तुम्ही जितकं आवळाल तितकी पेटी बसेल, आणि महिन्याभराने बोल्ट सैल सापडेल. आवळणाऱ्याला वाटतं बोल्ट वाईट निघाला.

एवढ्याने खचणं बरंच कमी होतं. पीळ कमी होण्यासाठी दोन्ही रेल्स बोगद्याखालून एकमेकींना जोडायला लागतात, फुलपाखराच्या पंखांसारख्या तिरक्या नळ्यांनी. इथेच वरचं गणित कामाला येतं: उघडा बोगदा खालून बंद होतो आणि यू ची पेटी होते. पण त्यासाठी नळ्या तिरक्याच हव्यात. नुसते आडवे दांडे शिडीसारखे टाकले तर बोगद्याच्या दोन कडा एकमेकींपासून पुढे-मागे सरकायच्या थांबत नाहीत, आणि पिळताना त्या नेमक्या तशाच सरकतात.

अडचणी तीन. एक्झॉस्ट तिथूनच जातो. नळी आणि एक्झॉस्ट यांच्यात किमान १५ ते २० मिमी फट ठेवा, इंजिन रबरावर डोलतं हे धरून, नाहीतर गिअर बदलताना ठणठण. दुसरं, क्लचच्या कामाला गिअरबॉक्स उतरवताना हे सगळं सोडावं लागतं, म्हणून हा भाग कधीच वेल्ड करू नका. तिसरं म्हणजे जमिनीपासूनची उंची. मुळातच बुटकी गाडी, त्यात आणखी दोन-अडीच सेंटिमीटर गेले तर भारतातले गतिरोधक या नव्या नळ्यांवरच टेकतील.

कारखान्यानेही हा धडा गिरवलाच होता. १९९३ मध्ये १.८ लिटर इंजिन आलं, तेव्हा सीटबेल्टच्या दोन खांबांमध्ये एक आडवा बार आणि पुढच्या-मागच्या सबफ्रेमला जादा आधार दिले गेले. भंगारातल्या १.८ वरून हे भाग काढून जुन्या १.६ ला लावता येतात. काही ठिकाणी भोकं पाडावी लागतात, पण खर्च किरकोळ.

मग तो बॉनेटखालचा बार?

मॅकफर्सन स्ट्रट (वरच्या विशबोनऐवजी स्प्रिंग-डॅम्परचा खांबच चाक धरतो अशी रचना) असलेल्या गाडीत स्ट्रटचं वरचं टोक चाकाचा कोन ठरवतं. ते हललं की चाक हलतं, म्हणून तिथे बारला अर्थ आहे. एमएक्स-५ मध्ये वरचा आणि खालचा, दोन्ही विशबोन सबफ्रेमला बांधलेले आहेत. वरच्या मनोऱ्यावर, म्हणजे बार जिथे बसतो त्या बॉडीच्या उंचवट्यावर, येतो फक्त स्प्रिंग-डॅम्परचा भार. त्यामुळे चाकाच्या कोनापुरता हा बार जवळपास निरुपयोगी.

त्यात तो वाकडा असेल तर विचारूच नका. इंजिनला वळसा घालायला बहुतेक बार मध्ये वाकवलेले असतात. २५ मिमी व्यासाची, दीड मिमी जाडीची, ९०० मिमी लांब पोलादी नळी सरळ असेल तर तिला एक मिलिमीटर दाबायला सुमारे २४,६०० न्यूटन लागतील. तीच नळी दोन टोकांच्या रेषेपासून ६० मिमी बाजूला सरकवून नेली, की सुमारे ४६० न्यूटन पुरतात. पन्नास पटींहून जास्त फरक, वजन तेवढंच. सरळ नळी दाब-ताण घेते, वाकडी नळी फक्त वाकते. टोकांना बिजागरीसारखे पिन असलेले बार आणखी मऊ. विकत घेताना कंपनीचं नाव बघण्याआधी बार दोन बोल्टांमध्ये सरळ जातो का, ते बघा.

रोल बार, टाके आणि फोम

सीटमागचा चार पायांचा रोल बार मुळात गाडी उलटली तर डोकं वाचवायला असतो, पण मागचा भाग तो चांगलाच बांधून टाकतो. पुढच्या डॅशबोर्डच्या भागाला मात्र काहीच फायदा देत नाही, त्यामुळे स्टिअरिंगची थरथर राहते. नळी निवडताना एफआयएचा (मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेचा) मुख्य कमानीसाठीचा निकष डोळ्यांसमोर ठेवा: विनाजोड पोलादी नळी, ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० आणि २. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी आणि किमान तीन बोल्ट. डोक्याजवळच्या नळीला एसएफआय ४५.१ दर्जाचं (स्पर्धेच्या गाड्यांच्या सुरक्षा-साहित्याचं अमेरिकी मानक) कडक पॅडिंग. मऊ काळा पाइप-फोम डोकं आपटताना चेपून शून्य होतो. दारांतून पुढे जाणाऱ्या नळ्या खूप ताठपणा देतात, पण रस्त्यावर हेल्मेटशिवाय त्या घातकच. ट्रॅकच्या गाडीतच शोभतात.

कारखान्यातले स्पॉट वेल्ड काही सेंटिमीटरवर एक असे असतात, मधला पत्रा मोकळा. त्या शिवणींवर टाके घालणं म्हणजे २० ते २५ मिमी वेल्ड, मग तेवढीच किंवा दुप्पट मोकळी जागा. दारांच्या चौकटी, सीटमागची भिंत, डॅशबोर्डखालचा भाग, मनोऱ्यांच्या शिवणी, या क्रमाने. वेल्ड सोपं आहे, त्याआधीचं खरवडणं नाही. शिवणीतला सीलर पूर्ण निघाला नाही तर वेल्डमध्ये भोकं पडतात. झिंकचा थर जळताना निघणारा धूर फुप्फुसांत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. खिडक्या उघड्या ठेवून भागत नाही, धुरासाठीचा मास्क लागतो. पुढच्या चॅसी लेगना मात्र टाके घालू नका, जाड पट्ट्याही नकोत. धडक झाली की चुरगळायचं काम त्यांचं आहे.

सिलमध्ये दोन भागांचा पॉलियुरेथेन फोम ओतण्याची एक फॅशन आहे. पातळ पत्रा फोमने आतून धरला की तो फुगत-पिचकत नाही, म्हणून ताठपणा थोडा वाढतो हे खरं. पण एकदा ओतला की पाणी जायच्या वाटा बंद, आत मेण मारता येत नाही, पुढे कधी वेल्ड करायची वेळ आली तर फोम पेटून विषारी धूर सोडतो, आणि मोजून न ओतल्यास फुगताना बाहेरचा पत्राही फुगवतो. ज्या गाडीचा मूळ आजारच सिलमधलं पाणी आहे, तिच्यात हे करायला कोणी सांगितलं तर हात जोडा.

भार कुठे जातो ते बघत राहा

एक जागा ताठ केली की पीळ नाहीसा होत नाही, तो शेजारच्या मऊ जागेत जाऊन साठतो. म्हणून जाड पट्टी जिथे अचानक संपते, बरोबर तिथे दोन-चार वर्षांनी पत्र्याला तडा जातो. पट्टीची टोकं काटकोनात न कापता माशाच्या शेपटीसारखी किंवा निमुळती कापा आणि टोकावर आडवा वेल्ड टाकू नका. काचेच्या चौकटीचा पायथा, दाराच्या कुलपाचा खांब आणि सीटबेल्टच्या खांबाचा पाया या तीन जागा पहिल्या वर्षी दर सर्व्हिसला टॉर्च घेऊन बघा. रंगात केसासारखी रेघ दिसली की ती रंगाची आहे असं समजून सोडू नका.

मोजून बघा

आधी आणि नंतर मोजलं नाही तर फरक पडला की पडल्यासारखा वाटला, हे कधीच कळणार नाही. घरगुती मांडणी अशी. मागच्या दोन्ही जॅकच्या खाचा स्टँडवर घ्या आणि वर वजन ठेवून घट्ट करा. पुढे सबफ्रेमच्या बरोबर मध्याखाली एकच टेकू, गोल सळईवर, म्हणजे पुढचा भाग त्याभोवती फिरू शकेल. सबफ्रेमला आडवा बीम बांधा. मध्यापासून १.५ मीटरवर ६० किलो टांगले की पीळ येतो सुमारे ८८० न्यूटन-मीटर.

सांगाडा ५,००० चा असेल तर पुढचा भाग मागच्याच्या तुलनेत ०.१८ अंश फिरेल. १.२ मीटर अंतरावर लावलेल्या दोन डायल गेजमध्ये मिळून सुमारे ३.७ मिमी फरक दिसेल. साधा ०.०१ मिमीचा गेज यासाठी भरपूर आहे. गेज पुढेही लावा आणि मागेही, कारण मागचे स्टँड थोडे दबतातच आणि ते वजा करायला लागतं. वजन एकदा लावून काढा, मगच शून्य करा. पहिल्या वेळी जोड बसतात आणि वाचन खोटं येतं. मग २०, ४०, ६० किलोला वाचनं घ्या. ती सरळ रेषेत आली नाहीत तर कुठेतरी काहीतरी सरकतं आहे.

जमलं तर पुढून मागे सिलवर चार-पाच ठिकाणी वाचन घ्या आणि आलेख काढा. जिथे रेघ एकदम चढते, तिथे गाडी पिळते. पुढचा खर्च त्याच जागेवर करायचा, कॅटलॉग बघून नाही.

भारतात रस्त्यावरच्या गाडीला हे करायचं असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आधी वाचा. नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. गंजलेला पत्रा मूळ मापाने बदलणं ही दुरुस्ती आहे. पिंजरा बसवणं हा बदल. परदेशात बसवलेला रोल बार विमा कंपनीला लेखी कळवा.

काम झालं की चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. सिल किंवा सबफ्रेम सोडली असेल तर जुने आकडे कामाचे नाहीत. ५०० किलोमीटरनंतर रेल्सचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आणि त्याच वेळी डॅम्परची सेटिंग एक-दोन क्लिक मऊ करून बघा. सांगाड्याने गिळलेली हालचाल आता डॅम्परकडे जाते, त्यामुळे आधी बरोबर वाटणारी सेटिंग बहुतेक वेळा जास्त कडक निघते.